सक्ती गेली, आता मोर्स हौसेने आणि कानाने शिकू या

कोलकाता ते डायमंड हार्बर ही आपल्याकडची पहिली तार १८५०-५१ च्या सुमारास सुरू झाली आणि १५ जुलै २०१३ पासून देशातली तारसेवा कायमची बंद झाली. तारेची सांकेतिक लिपी असलेल्या मोर्सची समुद्रावरची सद्दी तर त्याआधीच संपली होती. १ फेब्रुवारी १९९९ पासून जहाजांसाठी उपग्रहांवर आणि स्वयंचलित यंत्रांवर चालणारी जागतिक संकटसूचना व्यवस्था पूर्णपणे लागू झाली आणि पाचशे किलोहर्ट्झवर कान लावून बसणाऱ्या रेडिओ ऑफिसरचे काम संपले. उरले ते हौशी रेडिओवाले, म्हणजे हॅम. त्यांच्यावरची आंतरराष्ट्रीय सक्तीही २००३ मध्ये जिनिव्हाच्या जागतिक रेडिओ परिषदेने उठवली. तीस मेगाहर्ट्झखालच्या लहरी वापरू इच्छिणाऱ्याची मोर्सची परीक्षा घ्यायची की नाही, हे ज्या त्या देशाने ठरवावे, असा निर्णय झाला. अमेरिकेने २३ फेब्रुवारी २००७ पासून ती अट काढून टाकली. या हिशेबाने मोर्स आज संग्रहालयातच सापडायला हवी होती. प्रत्यक्षात कोणत्याही रात्री सात मेगाहर्ट्झच्या पट्ट्याचा खालचा भाग ऐकावा, सात हजार ते सात हजार चाळीस किलोहर्ट्झ एवढाच, तर तिथे डिट-डांची, म्हणजे मोर्सच्या आखूड-लांब सुरांची, वर्दळ असते. नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवार-रविवारी मोर्सची जागतिक स्पर्धा होते, तेव्हा या पट्ट्यांवर मोकळी जागा शोधावी लागते. मोर्स पाठवणाऱ्या यातल्या कोणालाही नोकरी मिळत नाही, परीक्षेचे गुण मिळत नाहीत, कोणी जबरदस्तीही केलेली नाही. माझे म्हणणे असे आहे की सक्ती गेल्यामुळेच मोर्सचे खरे मोल उघड झाले आहे. आपल्या हॅम क्लबांनी आणि महाविद्यालयांनी ती परीक्षेचा विषय म्हणून नव्हे, तर कानाची आणि हाताची विद्या म्हणून नव्याने शिकवायला हवी.

मोर्सची बाजू घेणारे सहसा आधी आपत्तीचे नाव घेतात. टायटॅनिकवरून गेलेले संदेश, १९९९ चे ओडिशातले चक्रीवादळ, २००१ चा भूजचा भूकंप ही उदाहरणे दिली जातात. डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामी आली तेव्हा हॅम भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हौशी प्रक्षेपणासाठी पोर्ट ब्लेअरलाच होते आणि बाकीचा संपर्क तुटलेला असताना त्यांनी अंदमानचे निरोप मुख्य भूमीवर पोहोचवले, हेही आवर्जून सांगितले जाते. हॅम रेडिओसाठी ही अभिमानाचीच गोष्ट आहे. पण अलीकडच्या अशा कामांचा मुख्य भार बोलून दिलेल्या निरोपांवर होता, डिट-डांवर नव्हता. आपत्तीत नाव, पत्ता, रक्तगट, औषधाची मात्रा घाईने सांगायची असते आणि समोरचा माणूस मोर्स जाणणारा असेलच असे नाही. म्हणून मोर्सच्या समर्थनासाठी हा मुद्दा पुढे करणे मला पटत नाही. जुन्या तार ऑफिसातल्या कडकट्टच्या आठवणीही तशाच. त्यांनी ज्यांचे डोळे पाणावतात त्यांच्याबद्दल आदर आहे, पण जिने तार कधी पाहिलीच नाही अशा सोळा वर्षांच्या मुलीला त्या आठवणींसाठी रोज वीस मिनिटे द्यायला सांगता येणार नाही. तिला आज काय मिळेल ते सांगितले पाहिजे.

सुरुवात व्यवहारापासून करू. पुण्या-मुंबईतल्या नव्या हॅमची खरी अडचण परवाना हातात पडल्यावर सुरू होते. सोसायटी गच्चीवर मोठा अँटेना उभारू देत नाही. शंभर वॅटचा परदेशी ट्रान्सीव्हर घ्यायचा तर लाखाच्या घरात जावे लागते. तोही घेतला, तरी आजूबाजूच्या एलईडी दिव्यांची, इन्व्हर्टरची, चार्जरची खरखर रिसीव्हरमध्ये भरून राहते. एप्रिल-मे महिन्यांत वळवाच्या विजा सुरू झाल्या की सात मेगाहर्ट्झवर बोललेले वाक्य तुकड्यातुकड्यांनी कानावर येते. अशा परिस्थितीत मोर्सचे गणित वेगळे पडते. सिंगल साइडबँड पद्धतीने बोललेल्या आवाजाला सुमारे अडीच हजार हर्ट्झ रुंदीची जागा लागते, मोर्सला दीडशे-दोनशे पुरतात. रिसीव्हरचा फिल्टर अडीच हजारांवरून अडीचशेवर आणला की आत येणारा गोंगाट एक दशांश होतो, आणि संदेश मात्र जसाच्या तसा राहतो. म्हणजे ढोबळ हिशेबाने पाच वॅटचा मोर्स संदेश पन्नास वॅटच्या बोलण्याइतका उठून ऐकू येतो. त्यात माणसाच्या कानाची भर पडते. एकाच सुरावर लक्ष धरून बाकीचे बाजूला सारणे कानाला जमते आणि सरावाने ते वाढत जाते. गॅलरीतून समोरच्या झाडापर्यंत, दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर अशी साधी तार ताणली तरी सात मेगाहर्ट्झचा डायपोल तयार होतो. या सामग्रीवर परिस्थिती अनुकूल असताना देशाबाहेर बोलणे होते. हैदराबादच्या अश्हर फरहान यांनी ‘बिटएक्स’चा आराखडा सर्वांसाठी खुला केला आणि बोलण्याचा ट्रान्सीव्हरही घरी बांधता येतो हे जगाला दाखवले. ते काम मोठेच आहे. पण बोलण्याच्या यंत्रात आवाज मिसळणे, एक साइडबँड गाळून काढणे हे सगळे आलेच. मोर्सच्या यंत्रात मूळ लहर फक्त चालू आणि बंद करायची असते. एक क्रिस्टल, दोन-तीन ट्रान्झिस्टर, थोडी कॉइल आणि कपॅसिटर एवढ्यावर छोटा ट्रान्समीटर उभा राहतो, आणि हा माल मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर एका फेरीत मिळतो. आपण सोल्डर केलेल्या पट्टीवरून गेलेला संकेत आठशे किलोमीटरवर कोणी तरी ओळखतो, हे अकरावी-बारावीच्या मुलामुलींना भौतिकशास्त्राच्या कोणत्याही प्रयोगवहीपेक्षा जास्त शिकवून जाते.

असे असताना मोर्स म्हटले की माणसे दचकतात, याचे कारण ती चुकीच्या इंद्रियाने शिकवली गेली. बहुतेकांच्या हाती पहिल्यांदा तक्ता येतो: अमुक अक्षराला एक टिंब एक रेघ, तमुकाला तीन टिंबे. तो तक्ता पाठ होतो आणि तिथेच नुकसान होते. मराठी माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये. ‘यमाताराजभानसलगा’ पाठ केलेला विद्यार्थी परीक्षेत लघु-गुरूंच्या खुणा करून गण पाडतो आणि वृत्त ओळखतो. ज्याच्या कानावर लहानपणापासून मनाचे श्लोक पडले आहेत त्याला भुजंगप्रयात ओळखायला एकही खूण करावी लागत नाही. चरण सुरू होताच चाल कळते. मोर्सचे अक्षर असे चालीवरून कळले पाहिजे. त्याचे माप ठरलेले आहे. डा हा डिटच्या तिप्पट, अक्षराच्या आत एका डिटची विश्रांती, दोन अक्षरांमध्ये तीन डिटांची, दोन शब्दांमध्ये सात डिटांची. मिनिटाला वीस शब्द या वेगाने पाठवले तर एक डिट सेकंदाच्या शंभर भागांपैकी सहा भाग टिकतो. एवढ्या वेळात कोणी मोजू शकत नाही, आणि मोजता येत नाही हेच शिकणाऱ्याच्या पथ्यावर पडते. मिनिटाला पाच शब्दांच्या संथ गतीत मात्र मोजता येते. म्हणून नवा माणूस मोजतो, मनातल्या तक्त्याशी ताडतो, अक्षर लिहितो, आणि दहा शब्दांच्या आसपास त्याची गाडी अडते, कारण तक्ता चाळायला वेळच उरत नाही. भारतात हौशी परवान्याच्या ‘रिस्ट्रिक्टेड’ श्रेणीला मोर्सची अट नव्हती, ‘जनरल’ श्रेणीसाठी मिनिटाला आठ शब्दांची परीक्षा ठेवलेली होती. आठ शब्द हा नेमका तो वेग आहे जिथे मोजून पार पडता येते. म्हणजे परीक्षेने अनेकांना जी सवय लावली, तीच पुढे मोर्सचा आनंद घेण्याच्या आड आली. उत्तीर्ण झाल्यावर कित्येकांनी मोर्सची ‘की’, म्हणजे संकेत पाठवायची कळ, पुन्हा हातात धरली नाही, यात मला त्यांचा दोष दिसत नाही.

कानाने शिकण्याची रीत नवी नाही. विल्यम लो ब्रायन आणि नोबल हार्टर यांनी १८९७ आणि १८९९ मध्ये अमेरिकी तारायंत्रचालकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मानसशास्त्रात कौशल्य कसे येते यावरचे ते सुरुवातीचे मोठे काम मानले जाते. त्यांना दिसले की नवशिका आधी अक्षरे ऐकतो, मग शब्द अखंड ऐकू लागतो, आणि मुरलेला चालक वाक्यांचे तुकडेच्या तुकडे घेतो. त्याचे लिहिणे कानाच्या काही शब्द मागे चाललेले असते. पाठवण्यातली प्रगती सरळ चढत जाते, ऐकण्यातली मात्र मध्येच काही आठवडे थबकते, असेही त्यांनी नोंदवले. या थबकण्याबद्दल पुढे मतभेद झाले. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना मोर्स शिकवणाऱ्या फ्रेड केलर यांनी १९५८ मध्ये हा सपाट टप्पा अटळ नसल्याचे मांडले. शिकवण्याची पद्धत बदलली की वळणही बदलते, असा त्याचा अर्थ मी घेतो. जर्मन मानसशास्त्रज्ञ लुडविग कॉख यांनी १९३० च्या दशकात सुचवलेली पद्धत आज बहुतेक ठिकाणी वापरतात. पहिल्या दिवशी फक्त दोन अक्षरे, पण पूर्ण वेगाने. शंभरातली नव्वद बरोबर येऊ लागली की तिसरे. रूढ क्रमात सुरुवात ‘के’ आणि ‘एम’ या अक्षरांनी होते: डा-डिट-डा आणि डा-डा. फार्न्सवर्थ यांच्या नावाने ओळखली जाणारी दुसरी युक्ती तिला जोडतात. अक्षर वेगातच वाजवायचे, दोन अक्षरांमधली जागा मात्र सुरुवातीला ऐसपैस ठेवायची आणि हळूहळू आवळत न्यायची. तक्ता कुठेच नाही. रोज पंधरा-वीस मिनिटे, आणि एकही दिवस चुकवायचा नाही, एवढे पथ्य पाळले तर बहुतेकांना काही महिन्यांत साधे संभाषण जमते. रविवारी एकदम तीन तास बसून ते जमत नाही.

आता ते संभाषण कसे असते ते पाहा. नाशिकचा एखादा हॅम ‘सीक्यू’ अशी हाक देतो, म्हणजे कोणीही उत्तर द्या. मग आपली कॉल साइन, म्हणजे परवान्यासोबत मिळालेले ओळखचिन्ह, दोनदा, आणि शेवटी ‘के’, म्हणजे आता तुम्ही बोला. जपानच्या होक्काइदोमधून कोणीतरी उत्तरतो आणि पाच-सात-नऊ असा अहवाल देतो: शब्द स्पष्ट कळतात, संकेत बऱ्यापैकी जोरात आहे, सूर शुद्ध आहे. मग नाव, गावासाठी ‘क्यूटीएच’, पाच वॅट किंवा कमी शक्तीसाठी ‘क्यूआरपी’, अँटेना, हवामान. मध्येच संकेत मंदावतो, तेव्हा ‘क्यूएसबी’ एवढे सांगून तुटलेला शब्द पुन्हा मागितला जातो. निरोपाला ७३, आणि त्यानंतर दोघेही दोन सुटे डिट वाजवतात. ते दोन डिट कोणत्याही नियमात नाहीत, पण दिले नाहीत तर चुकल्यासारखे वाटते. क्यू-संकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जहाजांसाठी ठरले, कारण वेगवेगळ्या भाषांच्या खलाशांना एकमेकांशी बोलायचे होते. ती सोय आज आपल्या मराठी माध्यमाच्या मुलांच्या उपयोगाची आहे, हा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. मायक्रोफोनवर परदेशी माणसाशी इंग्रजीत बोलताना आपल्याकडची हुशार मुलेही अडखळतात, उच्चाराला लाजतात आणि गप्प बसतात. मोर्समध्ये उच्चार नाही. चाळीस-पन्नास संक्षेप आले की साताऱ्याचा विद्यार्थी आणि सैबेरियाचा अभियंता एका पातळीवर येतात, दोघांचेही इंग्रजी बेताचे असले तरी. मोर्स रोमन अक्षरांत चालते म्हणून ती आपली नाही, असा आक्षेप कधी कधी ऐकू येतो. इंग्रजीची भीती घालवणारे याइतके स्वस्त साधन दुसरे कोणते आहे, असा माझा उलट प्रश्न आहे.

हाताचाही विचार केला पाहिजे. साध्या कीवर पाठवणाऱ्या प्रत्येकाची एक लकब असते. कोणाचा डा किंचित लांबतो, कोणी शब्दाच्या शेवटी घाई करतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश श्रवणकेंद्रांवर बसलेल्या स्त्री-पुरुषांनी जर्मन चालकांना या लकबीवरून ओळखले आणि कोणती तुकडी कुठे सरकली याचा माग काढला, संदेशाचा अर्थ कळत नसतानाही. आज डिट-डा आपोआप मापात पाडणारे पॅडल आणि इलेक्ट्रॉनिक कीअर वापरले तरी मधल्या जागा हातच ठरवतो. ओळखीचा माणूस कॉल साइन पुरी होण्याआधी ओळखू येतो.

सर्वांत वजनदार आक्षेप संगणकाचा आहे, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. नोबेल पारितोषिक मिळालेले खगोलशास्त्रज्ञ जो टेलर आणि त्यांचे सहकारी स्टीव्ह फ्रँक यांनी २०१७ मध्ये एफटी-८ ही पद्धत आणली. पंधरा सेकंदांच्या ठरलेल्या पाळ्या, पन्नास हर्ट्झ रुंदी, आणि गोंगाटाखाली इतका खोल बुडालेला संकेत ती वाचते की कानाला तिथे काही आहे याचा पत्ताही लागत नाही. अत्यंत क्षीण संकेत पोहोचवणे एवढाच निकष लावला तर मोर्स हरली आहे, हे मान्यच केले पाहिजे. मोर्स आपोआप वाचणारी सॉफ्टवेअरेही आहेत. स्वच्छ, यंत्रातून आलेला संकेत ती छान वाचतात, हाताने पाठवलेला आणि मंदावत जाणारा संकेत आला की चुकू लागतात. पण तीही उद्या सुधारतील, म्हणून मी त्यावर भिस्त ठेवत नाही. माझे उत्तर वेगळे आहे. एफटी-८ मध्ये दोन संगणक एकमेकांना कॉल साइन, ठिकाणाचा संकेत आणि सिग्नलचा आकडा देतात. मोकळा मजकूर लिहायचा तर एका वेळी तेरा अक्षरे मिळतात. त्या व्यवहारात माणूस बाजूला बसून पाहतो. मोर्समध्ये सगळी उकल त्याच्या डोक्यात होते. लहरींचा अभ्यास करायचा असेल तर एफटी-८ जरूर वापरावी. मोर्स शिकण्याचा हेतू स्वतःच्या अंगी काही आणणे हा आहे, आणि ते यंत्र कितीही चांगले झाले तरी त्याच्याकडून आपल्याकडे येत नाही. शिवाय संगणक मोर्सचा शत्रू नाही, आज तो तिचा शिक्षक आहे. एलसीडब्ल्यूओ या संकेतस्थळावर कॉखच्या क्रमाचे धडे फुकट मिळतात. रिव्हर्स बीकन नेटवर्कमुळे तुमची ‘सीक्यू’ जगात कुठे कुठे ऐकू गेली हे काही सेकंदांत पडद्यावर दिसते. सीडब्ल्यूऑप्स ही संस्था आणि लाँग आयलंड सीडब्ल्यू क्लब व्हिडिओवरून वर्ग चालवतात. हे सगळे सक्ती उठल्यानंतर उभे राहिले, आणि माझ्या म्हणण्याला याहून चांगला पुरावा मला दिसत नाही.

काही ज्येष्ठ हॅमना हे आवडणार नाही. मोर्सची अट होती म्हणून हौस नसलेले लोक बाहेर राहिले आणि लहरींवर शिस्त टिकली, असे ते म्हणतात. शिस्त मात्र संगतीने येते, गाळणीने येत नाही. त्या अटीने हौस नसलेल्यांना अडवले असेल, पण ज्यांना चांगला शिक्षक मिळाला नाही अशा छोट्या गावांतल्या मुलांनाही अडवले. ती अट परत यावी असे मी कधीच म्हणणार नाही.

मोर्स कालबाह्य झाली म्हणणाऱ्यांनी तिचे आजचे पत्तेही पाहावेत. आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांनी बांधलेला ‘प्रथम’ उपग्रह २६ सप्टेंबर २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३५ वरून गेला, तेव्हा त्याच्या बीकनसाठी मोर्स निवडली होती. साध्या रिसीव्हरवर कोणालाही उपग्रहाची हालहवाल ऐकता यावी म्हणून विद्यार्थ्यांचे उपग्रह असे करतात. बोलता न येणाऱ्या, हात न चालणाऱ्या व्यक्तींना दोन बटणांवर सगळी अक्षरे लिहिता येतात, म्हणून २०१८ पासून गूगलच्या कीबोर्डमध्ये मोर्सची सोय आहे. जर्मनीने २०१४ मध्ये मोर्स टेलिग्राफीला आपल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादीत स्थान दिले. आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या इलेक्ट्रॉनिक्स विभागांना आठवड्यातून दोन संध्याकाळी एक खोली, दोन ऑसिलेटर आणि चार की एवढी तरतूद जड नाही. तिथे परीक्षा नको, प्रमाणपत्र नको, तक्ता तर मुळीच नको. शिकवायला गावातला एखादा निवृत्त तारमास्तर किंवा नौदलातला सिग्नलमन मिळाला तर त्याला मानाने बोलवावे.

वाचकांपैकी कोणाला उत्सुकता वाटली असेल तर परवान्याची वाट पाहू नका. प्रक्षेपणाला परवाना लागतो, पण नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा रिसीव्हर इंटरनेटवरून घरबसल्या ऐकता येतो. आज रात्री त्यावर सात मेगाहर्ट्झची खालची बाजू लावा. काही कळणार नाही, हरकत नाही. उद्या ‘के’ आणि ‘एम’ ही दोनच अक्षरे पूर्ण वेगाने ऐकायला घ्या, आणि कागदावर टिंबे-रेघा काढायचा मोह झाला तर पेन बाजूला ठेवा.